लक्सरचं कार्ड

चार लोखंडी कपाटं शेजारी शेजारी लावली तर जेवढी जागा अडेल तेवढं थोरलं ते मशीन. त्याला गार ठेवायला दोन एसी, धूळ नको म्हणून दाराशी चपला काढायच्या, आणि एवढे सगळे लाड करून घेऊन डोकं म्हणाल तर चिमणीएवढं. आठ हजार अक्षरं आत मावत. आठ हजार म्हणजे किती, तर मासिकातली एखादी गोष्टसुद्धा पुरती बसायची नाही. त्यातच काम सांगणारा प्रोग्रॅम ठेवायचा, त्यातच ज्याच्यावर काम करायचं ती माहिती ठेवायची, आणि वर उत्तराला जागा सोडायची. विनया पेंढारकर लखनौच्या रेल्वेच्या संगणक केंद्रात प्रोग्रॅमर होती, आणि गेली सहा वर्षं तिचं ऑफिसातलं सगळं आयुष्य ह्या आठ हजारांत कोंबून बसवण्यात चाललं होतं.

घरचा संसार मात्र दोन ठिकाणी पसरलेला. ती, तिच्या सासूबाई वासंतीबाई आणि पाच वर्षांची नयना अशा तिघी मानक नगरच्या क्वार्टरमध्ये, आणि नवरा चंद्रहास लक्सरला, सहायक स्टेशन मास्तर. लक्सर म्हणजे पार हरिद्वारच्या अलीकडे, एक रात्र गाडीत. महिन्यातून एकदा तो यायचा, अंघोळ करून झोपायचा, उठून जेवायचा आणि परत गाडी पकडायचा. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. लखनौचा कुणी लक्सरला जायला तयार असता तर दोघांची अदलाबदल केव्हाच झाली असती. रेल्वेत त्याला म्युच्युअल म्हणतात. पण लखनौ सोडून लक्सरला स्वतःहून जाणारा शहाणा माणूस काही भेटत नव्हता.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला, की बदलीचे जेवढे अर्ज पडून आहेत ते सगळे मशीनला घाला आणि तिघा-तिघांची अदलाबदल जुळते का बघा. म्हणजे असं, की लखनौच्याला सुलतानपूर हवंय, सुलतानपूरच्याला बरेली हवीय आणि बरेलीच्याला लखनौ. दोघांत जुळत नाही, पण तिघांचा फेर धरला की प्रत्येकाचं काम होतं. हाताने हे शोधायचं म्हणजे वेड लागायची पाळी. यादी जूनअखेर वर पोचायला हवी होती, कारण जुलैत शाळा सुरू झाल्या की बदल्या बंद, मग थेट पुढच्या वर्षी. काम विनयाकडे आलं. अर्ज सातशेच्या वर होते, आणि त्यांत चंद्रहासचाही एक होता.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं त्या चिमणीच्या डोक्यात. कुणाचा फेर कुणाशी जुळतो हे पाहायचं तर सगळे अर्ज एकदम मशीनच्या आत हवेत, आणि ते काही मावेनात. विनयानं तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या क्लृप्त्या करून पाहिल्या. स्टेशनांची नावं कापून दोन-दोन अक्षरांवर आणली. अर्ज मशीनला द्यायचे ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. कार्ड वाचून झाल्यावर ते जिथं वाचलं ती जागा रिकामी पडते, तिथं उत्तर लिहायला लावलं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या सूचना एकदाच लागतात, पुन्हा त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. म्हणून त्यांचं काम झालं की त्या पुसून तिथंही अर्ज भरले. एकाच खोलीत सकाळी देवपूजा, दुपारी शिवणकाम आणि संध्याकाळी अंथरुणं, असं सगळं क्वार्टरमध्ये चालतंच की. तसंच तिनं मशीनमध्ये चालवलं. तरी पाचशे अर्जांपलीकडे गाडी सरकेना. मे महिना संपत आला आणि तिच्या नाकी नऊ आले.

केंद्राचे मुख्य होते दीनानाथ माथुर. जुन्या लखनवी घरातला माणूस, शिपायालाही ‘आप’ म्हणायचा. त्यांनी तिला बोलावून बसवलं, चहा मागवला आणि तोडगा काढला.

‘‘देखिए विनयाजी, जिनकी नौकरी पाँच साल से कम है, उनको अभी छोड़ दीजिए. अगले साल देखेंगे. बाकी सब आराम से मशीन में आ जाएँगे.’’

विनयाला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर चंद्रहासला अकरा वर्षं झालीत. लपवण्यात काय अर्थ आहे, तेच सुचलं. पण पुढच्याच क्षणी तिचं गणिती डोकं चालू झालं. ती म्हणाली, ‘‘सर, फेर तिघांचा असतो. त्यातला एक काढला की उरलेले दोघेही गेले, मग त्यांची नोकरी वीस वर्षांची का असेना. आणि कुणावाचून कुणाचं अडलंय हे आपल्याला आधी कळणार कसं?’’ हे ती हिंदीतच बोलली, पण चिडली की तिच्या हिंदीत माहेरची मिरज उतरायची आणि माथुरसाहेबांना निम्मं अंदाजानं घ्यावं लागायचं.

‘‘तो दो हिस्सों में कर लीजिए. आधे इधर, आधे उधर.’’

‘‘मग अर्ध्यांतला एक आणि दुसऱ्या अर्ध्यांतले दोन, त्यांचा फेर कोण जुळवणार?’’

माथुरसाहेबांनी बशीत चहा ओतला. ‘‘तो फिर आप ही बताइए,’’ ते म्हणाले. ती उठून आली ती दिवसभर जयसिंगवर खेकसत राहिली. जयसिंग हा मशीनवरचा ऑपरेटर, चांगला पन्नाशीचा, सोशिक. कार्डं लावायची, काढायची, अडकलेलं कार्ड चिमट्यानं ओढायचं हे त्याचं काम. ‘‘मैडम, गुस्सा मुझ पर करो, मशीन पर मत करना,’’ एवढंच तो म्हणाला. ‘‘वो बुरा मान जाती है.’’

त्या आठवड्यात दिवेलागणीला वीज जायची म्हणजे जायचीच. क्वार्टरच्या पुढच्या अंगणात चटई टाकून वासंतीबाई आणि नयना भेंड्या खेळत बसायच्या. गाण्यांच्या नाही, नयनाला मराठी गाणी येत नव्हती. स्टेशनांच्या. तीस वर्षं रेल्वेवाल्याच्या घरात काढलेली बाई, दुसरं खेळणार काय? विनया भात टाकून आली आणि पदरानं वारा घेत त्यांच्याजवळ टेकली.

‘‘बाराबंकी,’’ वासंतीबाई म्हणाल्या. ‘‘क आला. बोल.’’

‘‘कानपुर.’’

‘‘रायबरेली. ल.’’

‘‘लक्सर,’’ नयना म्हणाली. तिला ल आला की लक्सरच सुचायचं, तिथं तिचे बाबा राहायचे. जसं एखाद्याचं आजोळ असतं तसं तिला बाबांचं गाव होतं, आणि ते वाईट आहे असं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘विनया, तुझी पाळी. र,’’ वासंतीबाई म्हणाल्या. ‘‘अगं, झोपलीस का? ऑफिस तिकडंच ठेवून यावं माणसानं. आज सब्जी पण अळणी केली होतीस.’’

‘‘थांबा हो आई. रायबरेली झालं, रामपूर मघाशी झालं असेल, रुदौली झालं का? आधी काय काय झालं ते आठवू दे.’’

नयना वैतागली. तिच्या खेळात आई नेहमीच असा घोळ घालायची. ‘‘पीछे का क्यों सोच रही हो, आई? आखिरी वाला पकड़ो ना. बस वही पकड़ना होता है.’’

विनया पोरीकडे बघत राहिली. मग आत गेली, गॅस बंद केला, भात कच्चा राहिला ह्याचंही तिला भान नव्हतं, आणि मेणबत्ती लावून तिनं नयनाच्या पाटीवर रेघा ओढायला घेतल्या.

अहो, खरंच की. सातशे माणसं डोक्यात घेऊन त्या बिचाऱ्या मशीननं बसायचं कशाला? भेंड्या खेळणारा कुठं सगळी गावं डोक्यात धरून बसतो? मागचा जिथं संपला तिथून पुढचा सुरू होतो, एवढंच बघायचं. प्रत्येक अर्जाची दोन कार्डं करायची. एक, हा माणूस आहे कुठं त्या स्टेशनाच्या गठ्ठ्यात. दुसरं, ह्याला जायचंय कुठं त्या स्टेशनाच्या गठ्ठ्यात. मग एका वेळी एकाच स्टेशनचा गठ्ठा मशीनला द्यायचा. बरेलीत कोण आहे आणि बरेलीला कोण येऊ बघतंय, बास. त्यांच्या जोड्या मशीननं लावायच्या, जोडीचं एक नवं कार्ड पाडायचं, आणि बरेली डोक्यातून पुसून टाकून पुढचं स्टेशन घ्यायचं. सगळ्या जोड्या झाल्या की ती जोड्यांची कार्डं पुन्हा लावून घ्यायची आणि प्रत्येक जोडीला तिसरा गडी शोधायचा, तोही तसाच, एकेक गठ्ठा करून. लक्षात ठेवायचं काम कार्डांनी करायचं, मशीननं फक्त हातातलं बघायचं. आठ हजारांत हे खुशाल बसत होतं. निम्मी जागा रिकामी राहत होती.

‘‘विनया, भात?’’ वासंतीबाईंनी बाहेरून विचारलं.

‘‘आज दहीपोहे खाऊ या,’’ विनया म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की तिनं पोह्यांत दोनदा मीठ घातलं, आणि सासूबाईंनी अळणी सब्जीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढचे तीन आठवडे तिनं आणि जयसिंगनं कार्डांचे डोंगर इकडचे तिकडे केले. कार्डं गठ्ठ्यात लावणारं एक वेगळं यंत्र होतं, सॉर्टर. ते सकाळपासून जे खडखडायचं ते संध्याकाळी पाच वाजताच गप्प व्हायचं. ‘‘मैडम, मशीन का दिमाग बचाने के चक्कर में मेरी कमर चली गई,’’ जयसिंग म्हणायचा, पण त्यालाही आता चेव चढला होता. आधी पन्नास खोट्या नावांवर चालवून पाहिलं. विनयानं मुद्दाम दडवून ठेवलेले फेर मशीननं एकूणएक शोधून काढले. माथुरसाहेबांनी तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला आणि तिच्यासाठी पान मागवलं. ती पान खात नव्हती, तरी तिनं ते खाल्लं.

खऱ्या अर्जांची पाळी आली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आदल्या दिवशी दुपारी विनया गेटबाहेर टपरीवर चहाला गेली. टपरीच्या पलीकडच्या बाजूला आस्थापना विभागातले बाबू लोक उभे होते. त्यांतल्या जगदीशबाबूंचा आवाज तिच्या ओळखीचा, बदल्यांची फाइल त्यांच्याचकडे होती.

‘‘अरे भाई, जिसकी मशीन उसकी मौज,’’ जगदीशबाबू म्हणत होते. ‘‘मैडम ने महीना भर यूँ ही थोड़े मेहनत की है. मियाँ लखनऊ आए ही समझो.’’

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, दुपारच्या चहाबरोबर लोक हसतात तसलं होतं. पण विनयाच्या हातातला चहा तसाच राहिला. महिनाभर आपण सातशे माणसांसाठी मरमर केली आणि लोकांना त्यात एकच माणूस दिसला, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तो एक माणूस रोज दिसत होताच. हे दुसरं जास्त झोंबलं. तिचे वडील सदाशिव मास्तर मिरजेच्या शाळेत गणित शिकवायचे. मुलगी आपल्याच वर्गात आली तर तिचा पेपर त्यांनी कधी तपासला नाही, दुसऱ्या मास्तरांकडे द्यायचे. त्या मास्तरांनी एकदा तिचं एक गणित सरळसरळ चुकीचं धरलं, तेव्हाही हे गप्प. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, हे त्या घरात वरणभातासारखं रोजचं होतं. तिच्या हाडीमाशी तेच मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग यायच्या आत तिनं खोका उघडला आणि चंद्रहासचं कार्ड काढलं. दोन्ही प्रती. पर्समध्ये टाकल्या आणि पर्सची चेन लावली. मनाशी म्हणाली, लक्सरला नाहीतरी येतंय कोण, ह्यांचा फेर जुळणार नव्हताच. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी हे काम करावं, तेव्हा बघू. मुलीला आणखी एक वर्ष बाप नाही, हे तिनं एकटीनं ठरवून टाकलं होतं, आणि ज्याला काढलं त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

मशीन सुरेख चाललं. दुपारपर्यंत छपाई झाली. मोठ्या रुंद कागदावर तीन-तीन नावांचे फेर एकाखाली एक उतरत गेले. माथुरसाहेब इतके खूश झाले, की त्यांनी चपला घालायचं विसरून अनवाणीच आपली खोली गाठली. संध्याकाळच्या गाडीनं यादी वर जायची होती. जगदीशबाबू यादी न्यायला येणार होते.

विनयानं स्वतःच्या पडताळ्यासाठी आणखी एक कागद छापून घेतला होता. ज्या जोड्यांना तिसरा मिळाला नाही त्या. जोडी कुणाची, आणि तिसरा कुठून कुठं जाणारा हवा होता ते. ह्या पुष्कळच होत्या, कागदाच्या घड्या जमिनीपर्यंत आल्या होत्या. आपण कुठलं विशेष काही बघत नाही आहोत अशी स्वतःची समजूत घालत तिनं घड्या उलटल्या आणि बोट आपसूक ल वर जाऊन थांबलं.

लक्सरहून निघणारा तिसरा हवा, अशी साऱ्या कागदात एकच ओळ होती. लखनौचे रामसजीवन तिवारी, त्यांना हवं सुलतानपूर. सुलतानपूरचे इक्बाल अहमद, त्यांना हवं लक्सर. तिसरा पाहिजे लक्सरहून लखनौला येणारा. मिळाला नाही.

विनया खुर्चीवर बसली. लक्सरला जायची इच्छा असलेला एक माणूस जगात होता. तो सुलतानपुरात बसून किती वर्षं वाट पाहत होता कोण जाणे. आणि ज्याच्यासाठी तो खोळंबला होता तो माणूस तिच्या पर्समध्ये, रुमालाच्या आणि बसच्या पासच्या मधे पडला होता. मशीनला जागा नाही म्हणून एकही नाव काढायचं नाही, असं साहेबांना तोंडावर सांगणारी हीच बाई. आणि लोक हसले म्हणून हिनं एक नाव काढलं, ते तीन निघाले. तिला स्वतःची लाज वाटली. मनात आलं, कुणाला कळणार आहे? हा कागद फक्त माझ्याकडे आहे. तेही तिच्या मनात आलं, आणि मग ती पर्स घेऊन उठली.

माथुरसाहेबांच्या खोलीत जगदीशबाबू यादीची चळत बांधत उभे होते. हे नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण ते होते.

‘‘सर, एक कार्ड रह गया है,’’ ती म्हणाली.

माथुरसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, मग हातातली पर्स पाहिली. ‘‘रह गया है, या रख लिया गया है?’’

‘‘मीच काढून ठेवलं होतं. माझ्या पतीचं आहे.’’ मराठीत बोलतोय हे लक्षात यायला तिला वेळ लागला. मग ती हिंदीत म्हणाली, ‘‘लोग कहते कि मैंने अपने घर के लिए मशीन चलाई. इसलिए निकाल दिया. लेकिन इसके बिना दो और लोगों का नहीं हो रहा.’’ आणि तिनं तो पडताळ्याचा कागद टेबलावर पसरून त्या ओळीवर बोट ठेवलं.

जगदीशबाबूंचे दोरी बांधणारे हात थांबले. टपरीवर कोण काय बोललं होतं हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं. त्यांनी वाकून ती ओळ वाचली.

‘‘तिवारी,’’ ते म्हणाले. ‘‘उनके पिताजी तो साल भर से बिस्तर पर हैं, वहीं सुलतानपुर में. तीन बार आ चुके हैं मेरे पास.’’ आणि दोरीची गाठ त्यांनी सोडायला सुरुवात केली.

‘‘गाड़ी सात बजे है,’’ माथुरसाहेब म्हणाले. ‘‘चलाइए, विनयाजी. और अगली बार किसी को निकालना हो तो पहले मुझसे पूछ लीजिएगा. मैं तो पाँच साल वालों को निकाल रहा था, आपने मुझे नहीं निकालने दिया.’’

ती मान खाली घालून मशीनच्या खोलीत गेली. जयसिंगनं एसीपुढे पाठ शेकून घेतल्यासारखी गार करून घेतली आणि न कुरकुरता सगळे गठ्ठे पुन्हा उतरवले. लक्सरच्या गठ्ठ्यात एक कार्ड गेलं, लखनौच्या गठ्ठ्यात एक. शेवटच्या फेरीला छपाईयंत्र धडधडत कागद ओकू लागलं तेव्हा जगदीशबाबू दाराशी चपला काढून आत येऊन उभे राहिले होते. तीन नावं एकाखाली एक उमटली. तिवारी, अहमद, पेंढारकर. विनयानं पहिली दोन नावं आधी वाचली आणि मग तिसरं. तिचे डोळे भरून आले ते तिनं काही लपवले नाहीत. गाडी सातचीच होती, आणि यादी त्या गाडीत चढली.

लोक बोलायचे ते बोललेच. यादी फळ्यावर लागली तेव्हा कुणीतरी पेंढारकर नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. ती रेघ विनया रोज जातायेता बघायची. पहिले दोन दिवस जाच झाला, तिसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं, मारा. वर दोन नावं आहेत तीही वाचा.

जुलैतल्या एका रविवारी चंद्रहास आला तो ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि एक घागर घेऊन. रिक्षावाल्यानं सामान उतरवताना आलमबागपासून इथवरच्या चढाची तक्रार केली, चंद्रहासनं ती हसत हसत ऐकून घेतली. वासंतीबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नयना त्याच्या ट्रंकेवर चढून बसली ती उतरेना. दुपारी पानं वाढली. आमटी, भात, भरली वांगी. बऱ्याच दिवसांनी चार पानं एकदम मांडल्यामुळे वासंतीबाई दोनदा वाटी ठेवायला विसरल्या.

‘‘चार्ज दिला तो माणूस फार भला आहे,’’ चंद्रहास जेवताना सांगत होता. ‘‘इक्बाल अहमद. सुलतानपूरहून आला. बायकोचं माहेर लक्सरचं, सासू आंधळी, आणि घरात दुसरं कुणी नाही. सात वर्षं अर्ज करत होता बिचारा. मला म्हणाला, पेंढारकर साहब, हर बार कोई न कोई हमारा नाम काट देता था. इस बार किसी ने नहीं काटा. म्हणून माझ्या हातावर मिठाईचा पुडा ठेवला, तो ट्रंकेत आहे, नयनाला दे. मी म्हटलं, बाबा रे, मशीनला कुठं कुणाचं नाव कापता येतं?’’

विनयाच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यातच राहिला. हे तिला गिळून टाकता आलं असतं. वासंतीबाई बसल्या होत्या, पोर बसली होती, नवरा तीन वर्षांनी कायमचा घरी आलेला.

‘‘कापलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मशीननं नाही, मी. तुमचं कार्ड मी काढून ठेवलं होतं. लोक बोलतील म्हणून. सकाळी काढलं आणि दुपारी परत घातलं. मधल्या वेळात त्यांचंही गेलं होतं, तिवारींचंही गेलं होतं आणि तुमचंही.’’

चंद्रहासचा घास हातातच थांबला. चेहरा उतरला तो सगळ्यांना दिसला. ‘‘मला काढलंस?’’ तो म्हणाला. ‘‘मला न विचारता?’’

‘‘हो.’’

‘‘तिकडं मी रोज दिवस ढकलत होतो, विनया.’’

‘‘ठाऊक आहे. चुकलं माझं.’’

वासंतीबाई काही बोलणार होत्या, पण सुनेकडे बघून त्यांनी भाताच्या ढिगाकडे नजर वळवली. चंद्रहासनं हातातला घास खाल्ला. दुसरा कालवला, तो नुसताच कालवत राहिला. नयनाच तेवढी वांग्यातलं मिरचीचं देठ काढून ताटाच्या कडेला लावत होती.

‘‘परत घातलंस ना?’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘घातलं.’’

‘‘कुणासमोर?’’

‘‘माथुरसाहेबांसमोर. आणि जगदीशबाबू होते.’’

जगदीशबाबू हे नाव चंद्रहासलाही ठाऊक होतं, बदलीचा अर्ज केलेल्या प्रत्येकालाच ते ठाऊक असायचं. त्यानं बायकोकडे नीट पाहिलं. त्या माणसासमोर हे सांगणं तिला किती जड गेलं असेल ते त्याला कळलं असावं. त्यानं वाटी पुढे केली.

‘‘आमटी वाढ,’’ तो म्हणाला. ‘‘आणि उद्यापासून नयनाला शाळेत मी सोडतो. तिला म्हणावं, बाबांना रस्ता दाखव. तुझी शाळा कुठं आहे ते त्यांना अजून माहीत नाही.’’